जुन्या गाडीचा आवाज

तत्त्वज्ञान मंदिराच्या या गावात आत्म्याच्या मुक्तीची चर्चा 1916 सालापासून चालत आलेली आहे. तेथे आज आम्ही धुराच्या मुक्तीविषयी बोलणार, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. परंतु इंजिनातला जळलेला वायू बाहेर कसा पडतो, यावर गाडीची ताकद, तिचा आवाज आणि क्वचित आत बसणाऱ्यांचे प्राणही अवलंबून असतात. जुन्या गाड्या जपण्याची आवड आता वाढत आहे आणि तिच्याबरोबर एक गैरसमजही वाढतो आहे. तो असा की, सायलेन्सर काढून टाकला म्हणजे जुना आवाज परत येतो.

आवाज येतो कोठून, ते आधी पाहू. विहिरीवरचे किंवा पिठाच्या गिरणीचे ऑइल इंजिन खानदेशात पुष्कळांनी ऐकले आहे. त्याचा ठोका एकेक मोजता येतो, कारण सिलिंडर एकच. धुराची झडप उघडते तेव्हा आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच अधिक असतो. तो वायू फुगा फुटावा तसा एकदम सुटतो, आणि तोच ठोका. जीपला सिलिंडर चार. मिनिटाला दोन हजार फेरे होत असतील, तर प्रत्येक सिलिंडर हजार वेळा धूर सोडतो, म्हणजे चारी मिळून सेकंदाला सुमारे सदुसष्ट ठोके. ते वेगळे ऐकू येत नाहीत. त्यांचा एक सूर होतो.

हा सूर सौम्य करण्याची युक्ती जुनीच आहे. अमेरिकेतील इंडियाना प्रांताच्या रीव्हज बंधूंनी सायलेन्सरचे पेटंट 1897 मध्ये घेतले. पुढे त्याचे दोन प्रकार रूढ झाले. एका प्रकारात डब्यात आडवे पडदे घालून वायूला वळणे घेत जायला लावतात. दुसऱ्यात नळ सरळच असतो. त्याला छिद्रे पाडून भोवती काचेचे तंतू भरतात, आणि ते तंतू आवाज पितात. पहिला शांत, दुसरा मोकळा व घुमणारा.

या दुसऱ्या प्रकाराला कीर्ती मिळाली ती कॅलिफोर्नियातील ‘हॉट रॉड’ गाड्यांमुळे. फोर्डने 1932 मध्ये आठ सिलिंडरांची स्वस्त गाडी काढली. पुढे या गाड्या जुन्या झाल्यावर तरुण मंडळी त्या विकत घेत, त्यांचे वजन कमी करीत आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात शर्यती लावीत. त्यांच्या शर्यतींचे नियम करणारी संस्था 1937 मध्ये स्थापन झाली. त्यांनी धुराच्या नळाला एक बाजूची वाट ठेवून तिच्यावर झाकण बसविले. तळ्यावर गेल्यावर झाकण उघडायचे, म्हणजे वायू थेट बाहेर. गावात परतताना ते घट्ट लावायचे, म्हणजे वायू सायलेन्सरमधून. ज्यांच्या नावावर आज मोकळा नळ खपविला जातो, त्यांनीही गावात फिरण्यासाठी सायलेन्सरची सोय ठेवलीच होती.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे जपण्याजोगी गाडी म्हणजे बहुधा जीप. विलिस कंपनीच्या जीपगाड्या महिंद्र कंपनी 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जुळवू लागली. जीपचे मूळ इंजिन साठ अश्वशक्तीचे आणि 1932 च्या फोर्डचे पासष्ट. ताकद जवळजवळ सारखी, पण आवाज अगदी निराळा. जीपचे चार सिलिंडर दर अर्ध्या फेऱ्याला एक असे समान अंतराने धूर सोडतात. फोर्डच्या प्रत्येक बाजूचे चार सिलिंडर विषम अंतराने सोडतात. शिवाय त्या चौघांना बाहेर पडण्यास तोंडे तीनच. म्हणून ती गाडी अडखळत गुरगुरते. जीपला कोणताही नळ लावा, ती तशी गुरगुरणार नाही. गाडीचा गळा इंजिनात असतो. नळ त्या गळ्याला वाट देतो किंवा तो बिघडवितो, एवढेच.

मग जुन्या पद्धतीचा नळ करायचा कसा? जुन्या नळाचा आतला व्यास मोजून तोच ठेवावा. नळ अरुंद केला तर इंजिन गुदमरते. फार रुंद केला तर वायूचा वेग मंदावतो आणि एका ठोक्याच्या ओढीचा लाभ पुढच्या ठोक्याला मिळत नाही. साध्या पोलादी नळाला वळण देण्याची जुनी रीत आपल्या लोहाराच्या भात्यावरही साधते. नळात वाळू ठासून भरावी, दोन्ही तोंडांना लाकडी बुचे मारावीत, वळणाची जागा लाल करावी आणि हळूहळू वाकवावे. वाळूमुळे नळ चपटा होत नाही. मात्र बोरी नदीची वाळू आणली तर ती आधी भाजून कोरडी ठणठणीत करून घ्यावी. ओल राहिली तर वाफ कोंडते आणि बूच गोळीसारखे सुटते.

इंजिन रबरावर बसविलेले असल्याने ते हलते. म्हणून नळ चासीला ताठ जखडू नये. रबरी पट्ट्यांवर टांगावा, नाहीतर जोड तडकतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन जाते; गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये साचते आणि त्याला आतून गंज चढवते. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढे छिद्र ठेवले, तर त्याचे आयुष्य वाढते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जोड. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. नळाचे शेवटचे तोंड गाडीच्या अंगाबाहेर गेले पाहिजे. थंड इंजिन सुरू करून त्या तोंडावर जाड कापड क्षणभर धरावे. जोड फुटका असेल तेथे फुसफुस ऐकू येते. बंद खोलीत तर इंजिन चालवूच नये.

कायद्याचेही म्हणणे ऐकावे. सायलेन्सर प्रत्येक मोटारीला आवश्यकच आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पण चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत. म्हणजे कापून-जोडून केलेली हॉट रॉड त्यात बसत नाही. मूळ रूपात सांभाळलेली जीप बसू शकते.

जुनी वस्तू जपणे म्हणजे तिच्या नावाने गलका करणे नव्हे. जुन्या कारागिरांनी तो नळ तेवढाच जाड, तेवढाच लांब आणि तसाच वळविलेला का ठेवला, हे समजून घेऊन तो पुन्हा घडविणे, हे खरे जतन. अशी गाडी रात्री गल्लीतून गेली तर जाणकार कान टवकारील आणि पाळण्यातले मूल झोपेतून उठणार नाही.