आखूड लाकूड आणि विजेची करवत

तसबिरीच्या चौकटीला तिरका काप द्यायला सुताराकडे आता मायटर सॉ दिसतो. त्याचे पाते मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेते. आखूड तुकडा बोटांनी धरला आणि दाता अडकला, की तुकडा उडतो नि बोटे पात्याखाली! हात पात्यापासून निदान 15 सेंटिमीटर दूर हवा. तेवढी जागा नसेल तर तुकडा शिकंज्याने आवळा. शिकंजा पोचत नाही? मग तुकड्यावर लांब फळी आडवी टाका, तिच्या दुसऱ्या टोकाखाली तितक्याच जाडीचे लाकूड ठेवा आणि फळीच आवळा. खरे तर लांब पट्टीचेच टोक कापावे. आधी तुकडे पाडता कशाला? काप झाल्यावर पाते खालीच थांबू द्या, मग उचला. फिरते पाते वर आले तर सुटा तुकडा भिरकावते. नखाएवढ्या कामाला मात्र, गुरुजी, मुलांच्या हाती साधी हातकरवतच द्या.