नव्या बॉयलरचा आवाज आणि वास

तांब्याचा बंब ज्या घरांत रोज पहाटे पेटत असे, त्या घरांतील माणसांना पाणी तापल्याची वर्दी कानानेंच मिळे. प्रथम एक बारीक सूंकार, मग खदखद, आणि बंब जुना होऊन आंतून क्षारांनीं लिंपला गेला असला तर मधूनमधून ठोके. या आवाजाचें कोणास भय वाटत नसे, कारण तो ओळखीचा होता. त्याच घरांतील मुलगा-सून नोकरीनिमित्त लंडन-मँचेस्टरकडे जाऊन राहिलीं, कीं स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या एका पांढऱ्या पेटीशीं त्यांची गांठ पडते. ही पेटी म्हणजे सबंध घर ऊबदार ठेवणारा बॉयलर. जुना काढून नवा बसवावा, त्यासाठीं चांगली जड रक्कम मोजावी, आणि पहिल्याच रात्रीं त्यानें गुरगुरावें, ठोके द्यावे व घरभर जळका वास सोडावा, हा अनुभव पुष्कळांस येतो.

मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, नवें यंत्र आहे, चार दिवसांत गप्प बसेल. दुसरा म्हणतो, आतांच्या आतां बंद करा. आवाज कोणता व वास कोणता हें ठरविल्याशिवाय या वादाचा निकाल लागणें शक्य नाहीं.

बॉयलरची रचना बंबाहून फारशी निराळी नाहीं. खालीं ज्योत, तिच्या उष्णतेनें तापणारें पाणी, व जळलेली हवा बाहेर नेणारें धुराडें. फरक इतकाच कीं, हें पाणी कोणी काढून घेत नाहीं. पंपाच्या जोरावर तें भिंतींलगतच्या रेडिएटरांतून फिरतें, आपली ऊब खोल्यांना देतें आणि पुनः तापावयास परत येतें. वर्षानुवर्षें तेंच पाणी, त्याच नळांतून! नव्या बॉयलरच्या पुष्कळशा तक्रारींचें मूळ येथें आहे. बॉयलर नवा असतो, परंतु नळ आणि रेडिएटर वीस-तीस वर्षांचे जुने असतात. लोखंडी रेडिएटर आंतून गंजतात व त्या गंजाचा काळा, बारीक गाळ तळाशीं सांचतो. जुन्या ओतीव लोखंडाच्या बॉयलरच्या पोटांत पुष्कळ पाणी मावे, तेव्हां असा गाळ पचून जाई. नव्याच्या पोटांतील वाटा अरुंद आणि पाणी थोडें. गाळ त्या वाटांत अडकला, कीं तेथील पाणी पुढें सरकत नाहीं, जागच्याजागीं उकळतें, वाफेचे बुडबुडे उठतात व फुटतात, आणि चुलीवरच्या किटलीप्रमाणें घरघर सुरू होते. लंडन व त्याच्या आसपासचें पाणी खडूच्या खडकांतून येणारें, म्हणून जड. तेथें क्षारांचा थरही हाच उपद्व्याप करतो. यावर उपाय बॉयलर बदलण्याचा नव्हे. सर्व नळ धुऊन गाळ काढणें, गंज रोखणारें द्रव्य पाण्यांत घालणें व परतीच्या नळावर गाळ धरणारें चुंबक बसविणें, हा खरा उपाय होय. वास्तविक हें काम बॉयलर बसवितांनाच व्हावयास पाहिजे. घाईंत तें राहून जातें, आणि दोष मात्र यंत्राच्या माथीं येतो.

रेडिएटरांतून ओहोळासारखी खळखळ ऐकूं येत असेल तर आंत हवा कोंडली आहे असें समजावें. पंप बंद असतांना व पाणी निवल्यावर रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यांतील लहानसा स्क्रू किल्लीनें किंचित् सैल केला म्हणजे हवा फुस्स करून निघून जाते. पाण्याचा थेंब दिसतांच तो आवळावा व बॉयलरवरील दाबाचा कांटा पाहून घ्यावा. रात्रीं टिकटिक होते ती बहुधा नळांची. तांब्याचा दहा मीटर लांबीचा नळ पन्नास अंशांनीं तापला तर सुमारें साडेआठ मिलिमीटर वाढतो. लांकडी फळीच्या भोंकांत तो घट्ट बसला असेल तर घासतां घासतां कुरकुरणारच. सबंध भिंतच गुणगुणते असें वाटत असेल, तर बॉयलर पोकळ व पातळ भिंतीवर टांगला आहे किंवा पंप गरजेहून जोरानें फिरतो आहे. तंबोऱ्याचा भोपळा तारेचा नाद वाढवितो, तेंच काम येथें भिंत करते.

एक आवाज मात्र या सर्वांहून वेगळा आहे. ज्योत पेटण्याच्या क्षणीं दणका बसत असेल, तर गॅस वेळेवर न पेटतां आधीं सांचतो आणि मग एकदम भडकतो, असा त्याचा अर्थ. हा दोष आपोआप जाणारा नाहीं. बॉयलर बंद करून जाणत्या कारागिराला बोलवावें. ब्रिटनमध्यें २००९ पासून अशा कारागिरांची ‘गॅस सेफ रजिस्टर’ या नांवाची अधिकृत नोंदवही आहे, व तींत नांव नसलेल्या माणसानें पैसे घेऊन गॅसच्या बॉयलरला हात लावणें हा गुन्हा ठरतो.

आतां वासाकडे वळूं. पहिले दोनचार दिवस जो तापलेल्या रंगाचा व तेलाचा वास येतो, तो कारखान्यांतील लेप आणि वंगण जळल्याचा. खिडक्या उघड्या ठेवाव्या. तो रोज कमी होत गेला म्हणजे चिंता नाहीं. उतरण्याऐवजीं चढत जाणारा वास मात्र नवेपणाच्या खातीं मांडूं नये. मोरीसारखी दुर्गंधी आली तर तिचें स्थान निराळें. हल्लींचे बॉयलर धुरांतील वाफ थंड करून तिचीही उष्णता काढून घेतात. इंग्लंड व वेल्समध्यें एप्रिल २००५ पासून, थोडे अपवाद सोडले तर, गॅसचा नवा बॉयलर याच जातीचा बसवावा लागतो. वाफेचें झालेलें आंबट पाणी एका नळीनें मोरींत जातें व वाटेंतील बांकांत थोडें पाणी सदैव उभें राहतें. हें पाणी प्रथम भरावयाचें राहून गेलें किंवा सुकलें, तर मोरीचा वास घरांत शिरतो, आणि त्याच वाटेनें धुराड्यांतील विषारी हवाही येऊं शकते. म्हणून हा वास किळसवाणा एवढेंच समजून सोडून देऊं नये.

सडक्या अंड्याचा किंवा कुजक्या कोबीचा वास म्हणजे गळणारा गॅस. वस्तुतः नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नाहीं. तो मुद्दाम घातलेला असतो. अमेरिकेंत टेक्सासमधील न्यू लंडन गांवच्या शाळेंत १८ मार्च १९३७ रोजीं वास नसलेला गॅस तळघरांत सांचून स्फोट झाला व सुमारें तीनशें मुलें व शिक्षक दगावले. त्यानंतर गॅसमध्यें वासाचें द्रव्य मिसळण्याचे कायदे झाले. तेव्हां हा वास येतांच काडी ओढूं नये, विजेचें बटण दाबूं नये, खिडक्या उघडाव्या, मीटरजवळची तोटी बंद करावी आणि टेलिफोन घराबाहेर जाऊन करावा.

आवाजाची व वासाची तक्रार करणारा बॉयलर त्यामानानें प्रामाणिक म्हणावयाचा. खरा घातक असतो तो कार्बन मोनॉक्साइड वायु; त्याला ना रंग, ना गंध, ना आवाज. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाहीं कीं तो उत्पन्न होतो. रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायूपेक्षां या वायूला दोनशें पटींहून अधिक ओढीनें धरतें, आणि माणूस श्वास घेत असतांच गुदमरतो. जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञानें हा वायु स्वतः हुंगून आपल्या शरीरावरील परिणामांची नोंद १८९५ सालीं प्रसिद्ध केली. डोकें दुखणें, घेरी, मळमळ, गळून जाणें. लक्षणें फ्लूसारखीं, पण ताप नाहीं. बाहेर गेलें कीं बरें वाटतें, घरीं आलें कीं पुनः तेंच, आणि तेंही घरांतील सर्वांना एकदम, हीच त्याची खूण.

नवे बॉयलर बाहेरचीच हवा घेऊन बाहेरच सोडतात, म्हणून धुराडें नीट बसलें असल्यास धोका कमी. जुने कित्येक बॉयलर खोलींतील हवा घेतात. त्यांच्यासाठीं भिंतींत ठेवलेली जाळी गार वारा येतो म्हणून चिंध्यांनीं बुजविण्याचा मोह हिंवाळ्यांत होतो, व त्यानेंच कित्येक घरें उजाड झालीं आहेत. पुण्यामुंबईच्या लहानशा न्हाणीघरांत दार-खिडकी लावून गॅसचा गीझर पेटविणाऱ्यांचा घात हाच वायु करतो. निळी ज्योत पिवळी पडून लवलवूं लागली किंवा भोंवतीं काजळीचे डाग दिसले, तर यंत्र तत्काळ थांबवावें.

नाक-कान येथें निरुपयोगी असल्यानें त्यांच्या जागीं घंटा देणारें यंत्र लावावें लागतें. इंग्लंडांत १ ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या भाड्याच्या घरांतील खोलींत तें लावणें घरमालकावर बंधनकारक आहे. स्वतःच्या घरांत तें ज्याचें त्यानें पाहावयाचें. घंटा वाजली कीं बॉयलर बंद करून, दारें-खिडक्या उघडून, सर्वांनीं बाहेर पडावें. मोकळ्या हवेंत हा वायु रक्तांतून हळूहळू निघून जातो. चार-पांच तासांत तो निम्म्यावर येतो, आणि दुसऱ्या दिवशीं तपासणींत कांहींच सांपडत नाहीं. यास्तव डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये, आणि घरांत बॉयलर आहे हें त्यांस पहिल्याच वाक्यांत सांगावें.