पांढऱ्या पेशींची संख्या : अहवाल कसा वाचावा?

ताप उतरेनासा झाला की डॉक्टर रक्ततपासणी सांगतात. अहवालात पांढऱ्या पेशींच्या आकड्यापुढे खूण दिसली की घरात चिंता पसरते. हा आकडा नेमके काय सांगतो, हे थोडक्यात मांडण्याचा आमचा हा प्रयत्न.

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारणतः ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. प्रयोगशाळेनुसार या मर्यादा किंचित बदलतात. जंतुसंसर्गात संख्या वाढते, तशीच ती गरोदरपणात, कठोर व्यायामानंतर वा स्टेरॉइड औषधांनीही वाढते. उलट विषमज्वर व डेंग्यू यांत ती पुष्कळदा घटते. म्हणून केवळ एकूण आकड्यावरून निदान होत नाही.

त्याहून बोलकी असते ती पेशींची वर्गवारी. जर्मन संशोधक पॉल एर्लिश यांनी १८७९ च्या सुमारास रंगद्रव्यांच्या साहाय्याने या पेशींचे प्रकार वेगळे ओळखण्याची वाट दाखविली. न्यूट्रोफिल प्रामुख्याने जिवाणूंशी लढतात. लिम्फोसाइट अनेक विषाणुजन्य आजारांत वाढतात. इओसिनोफिल वाढल्यास ॲलर्जी वा जंत यांचा विचार होतो. मोनोसाइट आणि बेसोफिल हे उरलेले दोन प्रकार. आज मोजणी यंत्राने होते. तथापि अपरिपक्व पेशींची शंका आल्यास तज्ज्ञ काचपट्टीवरील रक्त सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः तपासतात. रक्ताच्या कर्करोगाचा पहिला सुगावा अनेकदा तेथेच लागतो.

वाढलेल्या आकड्याची धास्ती सर्वांनाच वाटते. घटलेल्याकडे मात्र दुर्लक्ष होते. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. समजा, एकूण पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल २० टक्के आहेत. म्हणजे प्रत्यक्षात न्यूट्रोफिल ४०० च. ही संख्या ५०० च्या खाली गेली की साधा संसर्गही झपाट्याने पसरतो. लढणाऱ्या पेशीच नसल्याने पू वा सूज दिसत नाही. ताप हीच काय ती खूण असते. अशा रुग्णास १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

इतरांनीही आकडा पाहून आपल्या मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत. जुने अहवाल जपून ठेवावेत व नव्यासोबत डॉक्टरांना दाखवावेत. एका आकड्यापेक्षा त्याची चढउतार अधिक सांगून जाते.

– सचिव, विश्वस्त मंडळ