विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम: नोंदणी दीड लाखांची, प्रमाणपत्रे सात हजारांची

मार्च २०१२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा आपला पदवीस्तरीय विषय जगभरातील कोणालाही विनाशुल्क खुला केला, तेव्हा ‘मूक’ या प्रकाराचे, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या आणि विद्यार्थिसंख्येची मर्यादा नसलेल्या अभ्यासक्रमांचे, सामर्थ्य आणि उणेपण एकाच वेळी उघड झाले. सुमारे १,५५,००० जणांनी नाव नोंदवले, परंतु प्रमाणपत्रापर्यंत ७,१५७ जणच पोहोचले. अर्थात केवळ कुतूहलापोटी नाव नोंदवून बाजूला होणाऱ्यांना नापास म्हणणे अन्यायाचे ठरेल.

या अभ्यासक्रमात मंगोलियाच्या उलानबातरमधील एका १५ वर्षांच्या शाळकरी मुलाने पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि पुढे त्याला एमआयटीतच प्रवेश मिळाला. ही कथा इंटरनेटचा महिमा म्हणून वारंवार सांगितली जाते. मात्र त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते आणि स्टॅनफोर्डचा एक संशोधक प्रयोगसाहित्य घेऊन तेथे शिकवण्यास आला होता, हा तपशील बहुधा गाळला जातो. वस्तुतः खरी मेख तेथेच आहे, कारण चित्रफिती कोठेही पोहोचतात, परंतु अडलेली शंका सोडवणारा माणूस पोहोचतोच असे नाही.

भारतातील अशाच अभ्यासक्रमांत आयआयटींच्या एनपीटीईएल या उपक्रमाची व्याख्याने विनामूल्य असली, तरी प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते, हे नोंदणीपूर्वीच लक्षात घ्यावे.