फ्यूज कुठाय?

गेल्या हिवाळ्यात आम्ही बडोद्याहून कच्छच्या रणाकडे निघालो, गाडीमागे कॅम्पर ट्रेलर जोडून. ट्रेलरमधल्या १०० एलईडींच्या पट्टीचा प्रोग्राम मी ईएसपी३२वर स्वतः लिहिला होता, त्यामुळे जरा ऐटीत होतो. रात्री आई आणि लेक ट्रेलरमध्ये झोपल्या असताना जळकट वास आला. बाबांनी आधी बॅटरीची तार सोडवली, मग विचारलं, "अरे, फ्यूज कुठाय?"

लावलाच नव्हता. रस्त्याच्या हादऱ्यांनी तार पत्र्यावर घासून सोलली होती आणि शॉर्ट झाला होता.

घरी येऊन सगळं नव्यानं जोडलं. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते. माझ्या पट्टीला हवेत ५. साधा ७८०५ रेग्युलेटर जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो, म्हणून बक कन्व्हर्टर घेतला. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक एलईडी सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. १०० एलईडींचे झाले ६ अँपिअर, म्हणजे ३० वॅट. त्यासाठी बॅटरीतून साधारण पावणेतीन अँपिअर जातात. म्हणून बॅटरीच्या प्लस टोकाजवळच ५ अँपिअरचा फ्यूज लावला, आणि तो करंट सहज पेलेल इतकी जाड तार घेतली. व्होल्टेज १२ च्या खाली गेलं की प्रोग्राम दिवे मंद करतो, कारण अशी बॅटरी वारंवार पूर्ण उतरवली तर लवकर खराब होते.

तुम्हीही असं काही करणार असाल, तर पहिली खरेदी फ्यूजची करा. आमच्याकडे आता निघण्याआधी लेकच विचारते, "बाबा, फ्यूज लावलास?"