माहेरच्या कागदावर सही करण्यापूर्वी

मैत्रिणींनो, दिवाळीला माहेरी गेल्यावर भाऊ सहज म्हणतो, "ताई, उद्या जरा रजिस्ट्री ऑफिसात येशील? एक सही हवी होती." आपणही फारसं न विचारता जातो. बहुतेक वेळा तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. भावाला वाटा सोडावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण आपण काय सोडतो आहोत, हे तरी ठाऊक असायला नको का?

"तुझं लग्न चौऱ्याण्णवच्या आधीचं, तुला हक्कच नाही," असं आजही ठणकावून सांगितलं जातं. हे एकेकाळी खरं होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या पश्चात त्यांच्या वाट्यात मुलीला हिस्सा दिला. पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मापासूनचा हक्क मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तो मुलींनाही दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या लेकींना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली.

इथेच सगळं मिटायला हवं होतं. पण कायद्यातल्या वाक्याचा अर्थ लावायचं काम कोर्टाचं! २००५ पूर्वी जन्मलेल्या मुलींचं काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१२ च्या निकालाने त्यांचा हक्क फारच आखडला. पुढे १४ ऑगस्ट २०१४ ला त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला आणि जन्मतारखेची आडकाठी काढली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात हवेत. अखेर ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की हक्क जन्माने मिळतो, त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही.

कायदा तोच, पण आठ वर्षांत लेकीचा हक्क केवढा बदलला! म्हणून दहा वर्षांपूर्वी मामेबहिणीला वकिलाने दिलेला सल्ला आज आपल्याला लागू पडेलच असं नाही.

आपला परभणी जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे येतो. ते २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं. उच्च न्यायालयाने लावलेला अर्थ गंगाखेड-जिंतूरच्या कोर्टांनाही पाळावा लागतो. म्हणून हे निकाल थेट आपल्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचतात.

तर काय करावं? मिळकत वडिलोपार्जित की वडिलांच्या स्वतःच्या कमाईची, हे आधी पाहा. स्वकमाईचं ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. २० डिसेंबर २००४ पूर्वी रजिस्टर झालेली किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मोडत नाही. "तोंडी वाटणी केव्हाच झाली" एवढं म्हणणं मात्र सहसा पुरत नाही, सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून खचू नका. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. वारसनोंदीची नोटीस आली आणि आपलं नाव वगळलेलं दिसलं, तर हरकत लेखी द्या व पोच घ्या. जमिनीचं हक्कसोडपत्र रजिस्टर करावं लागतं, आणि एकदा ते झालं की मागे फिरणं फार अवघड. म्हणून मसुदा आदल्या दिवशी मागून घरी शांतपणे वाचा.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना लागू आहे; मुस्लिम भगिनींचे वारसा नियम वेगळे आहेत.

वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर परभणीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जाताना सातबारा, जुने फेरफार आणि वडिलांचा मृत्यूदाखला यांच्या नकला पिशवीत घ्या, आणि विचारा, "माझ्या बाबतीत आज कोणता निकाल लागू आहे?"