कच्ची पपई उकिरड्यावर का टाकायची?

मंडळी, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं पपईचं झाड वावटळीत मोडलं, तर त्यावरच्या हिरव्यागार पपयांचं तुम्ही काय करता? बहुतेक घरांतलं उत्तर ठरलेलं असतं. दोन-चार गव्हात पिकायला घालायच्या. त्या पिकत नाहीत, नुसत्या सुरकुततात. मग आठ दिवसांनी गुरांपुढं, नाहीतर उकिरड्यावर. कारण साधं आहे. सालीवर पिवळा पट्टा दिसायच्या आत उतरवलेली पपई गव्हात ठेवा की पेंढ्यात, गोड म्हणून होत नाही.

परसातल्या एका झाडाचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण कालव्याच्या नाहीतर विहिरीच्या पाण्यावर ज्यांनी पपईची बाग धरली, त्यांना विचारा. पपईचं खोड आतून पोकळ, लाकूड म्हणून त्यात काही नाही. त्यात फळांचा सगळा भार शेंड्याला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा गारांनी उभ्या पिकांचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. वादळ-गारांत पपईचं झाड पडलं की नऊ-दहा महिन्यांची मेहनत एका रात्रीत जमिनीवर येते. बागवान येतो, पट्टा पडलेला माल बाजूला काढतो, हिरव्याकडं बघतही नाही. वादळाचंच कशाला? झाडावर फळांची दाटी झाली की एकमेकांना घासून ती वेडीवाकडी होतात, म्हणून जाणता शेतकरी विरळणी करतो. ती काढलेली फळंही बांधावरच सडतात.

घ्यायला कुणी नाही, कारण ती शिजवायची कशी हेच आपल्याला ठाऊक नाही. हिरवी पपई म्हणजे अजून न झालेलं फळ, एवढीच आपली समजूत. दक्षिणेत तसं नाही. तिकडं ती माळव्यात मोडते, दोडका-भोपळ्याच्या रांगेत बसते. तमिळ मुलखात तिचं पोरियल होतं, केरळात तोरन, कर्नाटकात पल्या. नावं वेगळी, हात थोडाफार वेगळा, पण पदार्थ एकाच घरातला: रस्सा नसलेली, मोहरी-उडदाच्या फोडणीची, वरून ओलं खोबरं घातलेली परतून भाजी. गंमत म्हणजे ही पपई त्यांच्याही मातीतली नव्हे. अमेरिका खंडातलं हे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या काळात इकडं आलं. कानडीत तिला परंगी म्हणतात, म्हणजे फिरंगीच की! त्यांनी पाहुणीला चुलीपाशी नेलं, आपण ताटलीत फोडी करून ठेवली, एवढाच फरक.

आणि अगदीच अनोळखी म्हणायची, तर तसंही नाही. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. हैदराबादी वळणाच्या स्वयंपाकघरात कबाबाच्या मटणाला कच्च्या पपईचं वाटण आजही लावतात. तिच्या चिकात पपेन असतं, ते मांस मऊ करतं. बेकरीतल्या केकमध्ये लाल-हिरवे तुकडे असतात ना, टूटी-फ्रूटीचे? तीही कच्ची पपईच, पाकात मुरवलेली. म्हणजे लेकरांनी ती खाल्लेली आहे, फक्त त्यांना कुणी सांगितलं नाही.

आता करायची कशी ते बघा. फळ गडद हिरवं, दगडासारखं टणक घ्यायचं. आतला गर पांढरा हवा. केशरी झाक आली असेल तर भाजी गोडसर होते आणि गिचका होतो. हाताला तेल लावा, कारण चीर दिली की पांढरा चीक येतो आणि काहींच्या हाताला खाज सुटते. साल जाड काढा, मधोमध फोडून पांढऱ्या बिया खरवडा आणि बोटाच्या पेराएवढ्या फोडी करून मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. ते पाणी टाकून द्यायचं. अर्धा किलो फोडींना हळद, मीठ आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवून शिजवा. आठ-दहा मिनिटं पुरतात. फोड बोटानं दाबली तर दबावी, पण मोडू नये.

फोडणीसाठी दोन पळ्या तेल. आपल्याकडं करडीचं तेल आहे. परभणीच्याच कृषी विद्यापीठानं करडईचा ‘परभणी कुसुम’ वाण दिलाय, मग दुसरं कशाला शोधायचं? मोहरी तडतडली की चमचाभर उडदाची डाळ घाला. इथं घाई नको. डाळ चांगली तांबूस व्हायला पाहिजे, खाताना ती दाताखाली कुरकुरते त्यातच या भाजीची मजा आहे. मग दोन सुक्या मिरच्या, हिंग, मूठभर कढीपत्ता. त्यावर शिजलेल्या फोडी टाकून पाणी आटेपर्यंत परता, आणि उतरवताना चार चमचे ओलं खोबरं. नारळ मुद्दाम आणायला नको. शनिवारी मारुतीला फोडलेला अर्धा नारळ घरात असतोच.

शेंगदाण्याचा कूट घालायचा मोह मात्र आवरा. कूट पडला की सगळ्या भाज्या एकच होतात, हे आमचं जुनं दुखणं आहे. पहिल्या खेपेला बिघडली तर बिघडू द्या. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणणारा आपला जिल्हा एका भाजीला थोडाच भिणार!

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. गरोदर बाईला कच्ची पपई द्यायची नाही. हे आजीबाईंचं सांगणं डॉक्टरही धरून चालतात, कारण तो चीकच. आणि बागेत नुकताच फवारा मारलेला असेल, तर त्या झाडाचं फळ घरी आणू नका. विषाणूनं सालीवर गोल ठिपके उमटले असतील तर तो रोग झाडाचा आहे, माणसाला लागत नाही. साल काढून फळ खुशाल वापरा.

खरं सांगायचं तर जवारीच्या भाकरीबरोबर ही भाजी घशाखाली कोरडी उतरते. ती वरण-भाताच्या ताटात डाव्या बाजूला शोभते. भाकरीला कोरड्यास हवं असेल तर याच फोडी मूठभर मुगाच्या डाळीत शिजवा, ओलं खोबरं-जिरं वाटून घाला आणि वरून तीच फोडणी द्या. तमिळ लोक त्याला कूटु म्हणतात. आपल्या कुटाशी त्याचा काही संबंध नाही! आमच्या मते आपल्या भागात चालेल ती हीच.

एखाद्या घरानं किती पपया खाव्यात? आठवड्याला एक, फार तर दोन. पडलेली बाग काही त्यानं उभी राहायची नाही. पण आठवडी बाजारात वांग्या-भेंडीशेजारी हिरव्या पपईचा ढीग लागला आणि त्याला गिऱ्हाईक मिळालं, तर बांधावर सडणाऱ्या मालाचे निदान मजुरीपुरते पैसे सुटतील. माल घेऊन बसणाऱ्यानं एवढंच करावं: एक पपई मधोमध कापून ढिगावर उघडी ठेवावी, पांढरा गर दिसेल अशी. नाहीतर येणारी बाई दाबून बघणार, ‘अजून पिकली नाही’ म्हणणार आणि पुढं जाणार.